कर्जाच्या कागदात नसलेलं सरपण

मोहगावकडच्या एका शेतकऱ्यानं मला एकदा चाळीस झाडं दाखवली होती. गुडघ्याएवढी, हिरवीगार, एका ओळीत. मी त्यातलं एक सहज धरून ओढलं, तर ते हातातच आलं. मूळ नाही, काही नाही. सकाळी जंगलातून फांद्या तोडून आणून ओल्या मातीत खोचल्या होत्या. मी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. तो बाजूला शांत उभा होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, असं उपटून उपटून पाहान तं कोणतं झाड जगन?"

मी त्याचा अर्ज नामंजूर केला आणि परत येताना बसमध्ये एकटीच हसत राहिले.

बँकेत नोकरी होती म्हटलं की लोकांना काचेमागं नोटा मोजणारी बाई दिसते. मी नोटा फार कमी मोजल्या. मी फिल्ड ऑफिसर होते, आधी सौसरच्या शाखेत, मग पांढुर्ण्याच्या. कर्ज देण्याआधी जमीन पाहायची, विहीर पाहायची, माणूस पाहायचा. कर्ज दिल्यावर पुन्हा जायचं आणि पैसा वावरात गेला की लेकीच्या लग्नात गेला ते पाहायचं. दुसऱ्याच्या म्हशी आपल्या गोठ्यात बांधून दाखवणारे, शेजाऱ्याच्या विहिरीवर आपलं नाव रंगवणारे, सगळे भेटले. या मॅडमला फसवणं कठीण, असं शाखेत म्हटलं जायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं. म्हणूनच, जिथं मला कोणी फसवलं नव्हतं आणि तरी मला दिसलं नव्हतं, ती एक गोष्ट सांगायला बसले आहे.

तिगाव स्टेशन सोडून डोंगराकडे निघालं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. माणसं हयात आहेत आणि दिवाळी अंक तिथंही पोचतो. गावाच्या वर जंगल, खाली नाला, मधे काळी-मुरमाड वावरं. पूर्वी सगळा कापूस. मी त्या भागात फिरायला लागले तेव्हा बँकेला संत्रा हवा होता. कारण साधं होतं. कापसाला दरवर्षी नवं कर्ज द्यायचं आणि दरवर्षी आभाळाकडे पाहायचं. संत्रा एकदा लावला की चार-पाच वर्षं फळ नाही, पण मग बाग वर्षानुवर्षं उभी राहते. बँकेला उभी असलेली वस्तू आवडते. मीही ओट्या-ओट्यावर बसून सांगायचे, कापूस किती दिवस करता, बाग लावा. त्या गावातल्या बहुतेक बागांच्या फाइलींवर माझी सही आहे.

बागा वाढत वाढत जंगलाच्या हद्दीला भिडल्या. हद्दीवरची झाडं तुटू लागली, माती नाल्यात उतरू लागली. तेव्हा एक योजना आली. पैसा बाहेरच्या एका संस्थेचा, वाटप आमच्या बँकेचं. ज्याचं वावर जंगलाला लागून आहे त्यानं हद्दीला वीस फुटांचा पट्टा सोडायचा आणि त्यातली जंगली झाडं उभी ठेवायची. दरवर्षी मी जाऊन पाहणार. पट्टा शाबूत असेल तर बागेच्या कर्जावरचं निम्मं व्याज माफ. सही गटानं करायची. एकाचा पट्टा मोडला तर त्या वर्षीची सवलत सगळ्या गटाची जाणार, म्हणजे शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवेल. शेतीही चालेल, जंगलही राहील. इतकी नीट बसणारी अट मी नोकरीत दुसरी पाहिली नव्हती.

त्या गावातून नऊ जणांनी सही केली. पहिली सही दौलतरावांची. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. हप्ता भरायला यायचा तेव्हा रांगेत उभा राहायचा, ओळख सांगून पुढे घुसायचा नाही. त्यांचा पट्टा कोणालाही न्यावं आणि दाखवावं असा होता. धावडा, साग, सालई, तेंदू, पळस आणि मधोमध त्यांच्या वडिलांच्या वेळचे दोन मोह. तीन वर्षं मी तिथं उभी राहून शेरा लिहिला: पट्टा शाबूत.

चौथ्या वर्षी गेले तर अर्ध्या पट्ट्यात खुंट होते.

मी खाली बसून पाहिलं. सागाला हात लावलेला नव्हता. जाड बुंधे तसेच होते. मनगटाएवढी, दंडाएवढी झाडं तेवढी गेली होती, तीही कमरेच्या उंचीवर तोडलेली. लाकूडचोर असं तोडत नाही. हे डोक्यावर मोळी वाहणाऱ्याचं काम होतं.

"टोल्यावरच्या बायका," दौलतराव म्हणाले. "मले माहीत हाय. माह्याच वावरात तोडाईले येतात अन् माह्याच पट्ट्यात कुऱ्हाड चालवतात. आता नाकेदाराच्या ताब्यात देतो एकीले, मंग समजन."

टोला म्हणजे गावापासून थोडी दूर, नाल्यापलीकडे तीसेक घरांची वस्ती. बहुतेक आमच्या समाजाची, बौद्ध. कोणाकडे एकर-अर्धा एकर, बाकी मजुरी. संत्रा तोडायला, निंदायला, खत द्यायला गावाला माणसं तिथूनच मिळत. नाकेदार म्हणजे वनखात्याचा गार्ड. त्याच्या ताब्यात दिलं की केस, दंड, चकरा.

मी म्हटलं, "थांबा. मी आधी बोलते."

"बोला ना. बसलीच हाय ती."

बागेच्या कोपऱ्यावर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, बारीक, सरळ पाठीची. बाजूला सुटलेली मोळी. कुऱ्हाड दौलतरावांनी काढून घेऊन मोटरच्या खोलीत ठेवली होती. तिचं नाव पंचफुला. ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि बँकेत शिकले होते तसं समजावून सांगायला लागले. झाडं का हवीत, पट्टा का ठेवला, तो मोडला तर नऊ घरांचं नुकसान कसं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मॅडम, आता कुठून आणतो ते विचारून राहिले तुम्ही. पहिले कुठून आणत होतो, ते बी विचारा."

"कुठून आणत होता?"

"याच वावरातून. इथं कापूस होता ना. कापूस वेचून झाला का वाळलेली झाडं, पऱ्हाटी, आम्हीच उपटत होतो. मजुरी घेत नव्हतो. उपटा अन् न्या. घरामागं गंजी लावली का पुरा पावसाळा निघे." तिनं बागेकडे हात केला. "आता चहूकडे संत्रा झाला. संत्र्याची पऱ्हाटी निघते का, मॅडम?"

मी म्हटलं, "गॅस मिळाला ना सगळ्यांना?"

"भेटला ना. हाय घरी. त्याच्यावर पाट टाकला अन् टीव्ही ठेवला. भराले पैसे कुठं हायेत?" मग माझ्याकडे जरा निरखून बघत तिनं विचारलं, "तुमचं माहेर कोणतं?"

"लोधीखेड्याकडचं."

"मंग तुमच्या मायच्या घरी पऱ्हाटी नव्हती का?"

होती. आई उन्हाळ्याच्या तोंडाशी लोकांच्या वावरातून पऱ्हाट्या उपटून आणायची. हाताला फोड यायचे, त्यावर ती हळद लावायची. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे निम्मी ती गंजीच होती. त्या चुलीवर शिजलेलं खाऊन मी शिकले, परीक्षा दिली, बँकेत लागले. आणि मी गावोगाव जाऊन सांगितलं की कापूस काढा. एका तरी फाइलीत मी विचार केला होता का, की कापसाबरोबर वावरातून आणखी काय जाणार आहे? फाइलीत जमीन होती, पाणी होतं, कलमं होती, उत्पन्नाचा अंदाज होता. चूल नव्हती.

मी काय केलं ते खरं सांगते. मी उठले आणि शेरा लिहिला: पट्टा तुटलेला. डोळ्यांनी पाहिलं होतं, दुसरं लिहिता येत नव्हतं. एवढं मात्र केलं की दौलतरावांना म्हटलं, तिला नाकेदाराकडे देऊ नका, दिलंत तर माझ्या अहवालात तेही लिहावं लागेल. हे खोटं होतं. अहवालात तसा रकाना नव्हता. पण ते थांबले. पंचफुला मोळी तिथंच टाकून, कुऱ्हाड न घेता, मोकळ्या हातांनी नाल्याकडे उतरून गेली.

माझ्या शेऱ्याचा परिणाम मला नंतर कळला. नऊ जणांची सवलत गेली. ते दौलतरावांवर चिडले, दौलतराव टोल्यावर चिडले आणि त्या वर्षी टोल्यावरच्या एकाही बाईला गावात काम दिलं नाही. तोडाईला बैतुलकडून माणसं आणली. म्हणजे खरं लिहिल्याचं ओझं शेवटी ज्यांच्या घरी आधीच काही नव्हतं त्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. आणि काम नाही म्हणून त्या बायका आणखी जंगलात जाऊ लागल्या.

मी मॅनेजर साहेबांना सांगितलं की अटीत बदल हवा, सरपणाची सोय झाल्याशिवाय पट्टा टिकणार नाही. साहेब भोपाळकडचे, भला माणूस. फाइल बंद करत म्हणाले, "मॅडम, बैंक सरपन के लिए नहीं खोला है."

मी पुन्हा पाहण्यांना लागले. पण एकदा ते दिसल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आणि एका बागेत पाहणी करताना बांधावर जाळ दिसला. संत्र्याची तोड झाली की झाडातल्या वाळलेल्या काड्या, फांद्या काढाव्या लागतात. त्यांना आमच्याकडे सल म्हणतात. सल राहिली की रोग येतो, पुढच्या बहाराला झाड खचतं. काढलेली सल काटेरी, कोणाला नको असते. शेतकरी ती बांधावर ढीग करून पेटवून देतात. मी त्या जाळासमोर उभी राहिले. टोल्यावर चुलीला काडी नाही आणि इथं काड्यांचे ढीग जळताहेत, आणि दोन्ही ठिकाणं माझ्या पाहणीच्या एकाच रस्त्यावर.

दौलतरावांना मी सांगितलं, सल टोल्याला द्या. बायका नीट काढून देतील आणि नेतील. शिवाय पाण्याअभावी जी दोन एकर बाग वाळली आहे तिथं तूर टाका, तुराट्याही त्यांना द्या. बदल्यात पट्ट्याला त्या हात लावणार नाहीत.

"चोराले घरात घेऊ?" एवढंच म्हणून ते निघून गेले.

मग तोड संपली. बाहेरची माणसं पैसे घेऊन गेली, सल काढायला थांबली नाहीत. दुसरी आणली त्यांनी घाईत वाळलेल्याबरोबर हिरवंही कापलं. एक दिवस दौलतराव शाखेत आले. रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर खिडकीवर न जाता माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, त्या पंचफुलाले सांगा, या म्हणा कामाले."

"मी कायले सांगू? तुम्हीच सांगा. मी सोबत येते."

आम्ही गेलो. त्यांचं आयुष्य त्या गावात गेलं, पण टोल्यावर पंचफुलाच्या अंगणात ते पहिल्यांदाच उभे होते, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तिनं खाट टाकली. ते बसले नाहीत. तिनं दोन गिलास पाणी आणलं.

"राहू द्या," दौलतराव म्हणाले. "आत्ताच पेऊन आलो."

ती तशीच उभी राहिली. मी एक गिलास प्यायले, मग दुसराही घेतला आणि प्यायले.

"सल काढाची हाय," दौलतराव तिच्याकडे न पाहता म्हणाले. "सल तुमची. तुराट्या बी देईन. पट्ट्यात याचं नाही."

"पहिले माही कुऱ्हाड द्या, पाटील."

"देतो ना. खाऊन टाकली का मी?"

"अन् सल काढाची मजुरी?"

दौलतराव माझ्याकडे वळले. "पाहा आता! काड्या बी न्यायच्या अन् मजुरी बी पाह्यजे."

"पऱ्हाटी उपटाले अक्कल लागत नव्हती," पंचफुला म्हणाली. "सल काढाले लागते. तुमच्या बाहेरच्या माणसांनं झाडं कशी कापली ते आम्ही पाह्यलं. हिरवं तोडलं, घावाले मलम नाही लावलं. या साली बहार पाहा मंग."

मग दौलतराव म्हणाले, "अर्धी मजुरी." ती म्हणाली, "पुरी. अन् मलमाचा मोरचूद-चुना तुमचा." ते म्हणाले, "या उद्या." झालं. दुसऱ्या दिवशी सात बायका बागेत गेल्या. कुऱ्हाड दौलतरावांनी आदल्या संध्याकाळीच गड्याच्या हाती पाठवून दिली होती, धार लावून. हे मला पंचफुलानंच नंतर सांगितलं आणि सांगताना हसली.

या ठरावाला कागदात जागा नव्हती. मी पाहणीच्या फॉर्मवर, खाली समासात, हातानं लिहायला सुरुवात केली: सल व तुराटी वस्तीला दिली, समक्ष पाहिले. मॅनेजर साहेबांनी एकदा विचारलं, "ये क्या लिखती रहती हो?" मी म्हटलं, "पट्टा इसी से खड़ा है, सर." त्यांनी सही केली.

धावडा आणि पळस चिवट झाडं आहेत. खुंटांना फुटवे आले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी मी पुन्हा लिहिलं, पट्टा शाबूत, आणि गटाची सवलत परत सुरू झाली. सगळीकडे असं झालं असं मात्र नाही. नऊ जणांपैकी चौघं सल देत राहिले, तिघांनी दोन वर्षं दिली आणि सोडली, दोघांनी शेवटपर्यंत पेटवली. पलीकडच्या एका गावात मी हेच सांगायला गेले तर तिथल्या माणसांनी मला चहा पाजून वाटेला लावलं. मी संत्र्याच्या इतक्या फाइली केल्या, त्यातल्या किती गावांत नाल्यापलीकडे टोला होता आणि किती चुली विझल्या, ते मला माहीत नाही. आता शोधूनही कळणार नाही. हे माझ्याजवळ राहणार.

मी रिटायर व्हायच्या आधीच योजना बंद झाली. संस्थेचा पैसा संपला, सवलत थांबली. दोन शेतकऱ्यांनी त्याच उन्हाळ्यात पट्टा नांगरला. मी आता पाहायला जाणारी कोणी नव्हते. पांढुर्णा जिल्हा झाला, शाखेत नवी माणसं आली. मी घरी बसले.

गेल्या हिवाळ्यात त्या गावात एका लग्नाला गेले होते, तशीच दौलतरावांकडे गेले. थकले आहेत. बाग पाहू म्हणाले. आम्ही हळूहळू वर गेलो आणि मी थांबले. पट्टा दाट उभा होता. मोहाखाली सावलीला गुरं बसली होती.

"आता तं व्याज माफ नाही होत," मी म्हटलं. "तरी ठेवला?"

"मी कायचा ठेवतो!" दौलतराव काठी टेकून म्हणाले. "मागच्या साली लाकडाच्या ठेकेदाराले देऊन टाकला होता. पैसे बी ठरले. तो माणसं घेऊन आला तं या बाया पट्ट्यात जाऊन बसल्या. दिवसभर. डब्बे घेऊन. मी म्हटलं, पंचफुला, वावर माहं, झाडं माही, उठ. तं म्हणते, पाटील, झाडं तुमची हायेत, राखली कोणं?" ते थोडे थांबले. "ठेकेदार पळाला. मी चार दिवस बोललो नाही तिच्यासंग. मंग सल काढाची वेळ आली, बोलनं भाग पडलं."

ते रागानं सांगत होते की कौतुकानं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

परत जाताना टोल्यावर थांबले. पंचफुलानं चहा केला, चुलीवर. मग पदराला हात पुसत समोर बसली. टोल्यावरच्या सात बायकांचा गट आहे, म्हणाली. पाटलाचा पट्टा आणि बाजूच्या दोघांचा, असे तीन पट्टे सात वर्षांसाठी भाड्यानं घ्यायचे. मोह वेचायचा, तेंदू, पळसाची पानं, वाळलेलं सरपण. नांगरलेल्या जागी नवी झाडं लावायची. पाटील तयार आहेत, फक्त भाडं आधी हवं म्हणतात.

"मॅडम, याले लोन भेटते का?"

"मी आता बँकेत नाही, पंचफुलाबाई. रिटायर झाले."

"ते माहीत हाय. फारम तं भरता येते ना अजून?"

मी फॉर्म भरला. तिच्याच अंगणात, मांडीवर पाटी ठेवून. नाव, वय, गाव. व्यवसाय या रकान्यापाशी मी नेहमीच्या सवयीनं मजुरी लिहायला गेले, तर तिनं विचारलं, काय लिहून राहिले? मी सांगितलं. ती म्हणाली, "मजुरी तं हायच. पण याच्यात लिहा, झाडं राखनं." मी तसं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी शाखेत गेलो. नव्या फिल्ड ऑफिसरनं मला खुर्ची दिली, फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. जमीन यांच्या नावावर नाही, पट्टा दुसऱ्याचा, झाडं जंगली. तारण काय? कर्ज कुठल्या सदरात बसवायचं? त्याचे प्रश्न चुकीचे नव्हते. त्या टेबलामागं बसून मी तेच विचारत आले होते, आणि माझ्या तोंडातून ते मला इतके कोरडे कधी वाटले नव्हते. मी बोलणार होते, तेवढ्यात पंचफुला म्हणाली, "साहेब, कागदात काय दिसन? पाहाले चाला ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंचफुलाकडे हात केला. मग त्यानं डायरी उघडली.

"बुधवारी येतो. नाल्याकडून रस्ता आहे ना? पट्टा तिथूनच दिसतो म्हणे."

"नाल्याकडून नका येऊ," पंचफुला म्हणाली. "टोल्यावरून या. पहिले आमच्या चुली पाहा, मंग झाडं."